आतल्या खोलीतला पीसी, हॉलमधला टीव्ही : प्रकल्प नोंदी

काम एवढंच: आतल्या खोलीतल्या डेस्कटॉपवर साठलेले व्हिडिओ हॉलमधल्या टीव्हीवर दिसले पाहिजेत, पेनड्राइव्हची ने-आण न करता, आणि घरातल्या कुणालाही रिमोटवरून लावता येतील असे. पीसी टीव्हीपासून चार-पाच मीटरवर असेल तर पुढचं काही वाचू नका. एक एचडीएमआय केबल घ्या आणि मोकळे व्हा. इथे मध्ये दोन विटांच्या भिंती आणि पंधरा मीटर अंतर आहे.

हाताशी असलेलं सामान: चौथ्या पिढीच्या कोअर आय३ चा डेस्कटॉप, ८ जीबी रॅम, विंडोज १०, व्हीएलसी ३.० हा व्हिडिओ प्लेअर, व्हिडिओंसाठी २ टीबीची बाहेरची हार्ड डिस्क. टीव्ही ४३ इंची, ४के, २०१९ चा; मागे लॅन पोर्ट आहे. त्याच्या एचडीएमआयला फोन-पीसीवरचा व्हिडिओ टीव्हीवर आणणारं गूगलचं उपकरण, तिसऱ्या पिढीचं क्रोमकास्ट. राउटर दोन: फायबरवाल्यांनी बसवलेला ओएनटी (फायबरची तार येते तो डबा, राउटरचं कामही तोच करतो) हॉलमध्ये, आणि आत रेंज येत नाही म्हणून विकत घेतलेला दुसरा आतल्या खोलीत.

व्हिडिओंची खिचडी आहे. लग्न-मुंजीच्या जुन्या व्हीसीडी, त्यानंतरच्या डीव्हीडी, फोनवरच्या क्लिपा, आणि एमकेव्ही प्रकारच्या फाइलींतले सिनेमे. यातल्या प्रत्येकाने वेगळ्या ठिकाणी त्रास दिला.

२५ ऑक्टोबर २०२५

सुरुवात सोप्या वाटेने. व्हीएलसीत ३.० आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, 'प्लेबॅक' मेन्यूत 'रेंडरर' आहे. तिथे क्रोमकास्टचं नाव दिसायला हवं, ते निवडून फाइल चालवायची, संपलं. इथे यादीत फक्त 'लोकल'. दुसरं काही नाही.

फोनवरून मात्र त्याच क्रोमकास्टवर व्यवस्थित कास्ट होत होतं. त्यामुळे नेटवर्क ठीक आहे असं धरून व्हीएलसी काढणं, पुन्हा टाकणं, पोर्टेबल आवृत्ती बघणं यात संध्याकाळ गेली. व्हीएलसीचा काही संबंध नव्हता. पीसीचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) पाहिला तर १९२.१६८.०.१०४, आणि गूगल होम अॅपात क्रोमकास्टच्या माहितीत १९२.१६८.१.३७. शेवटून दुसरा आकडा वेगळा, म्हणजे दोन्ही उपकरणं वेगळ्या नेटवर्कवर. फोन ओएनटीच्या वायफायवर होता म्हणून त्याला क्रोमकास्ट सापडत होतं.

क्रोमकास्ट स्वतःची हाक एमडीएनएसने (एकाच नेटवर्कवरच्या उपकरणांनी एकमेकांना शोधायची पद्धत) देतं: मल्टिकास्ट पत्ता २२४.०.०.२५१, यूडीपी पोर्ट ५३५३. ही हाक राउटर ओलांडत नाही. आतला राउटर वॅन पोर्टवर (बाहेरून इंटरनेट घ्यायचा पोर्ट) जोडलेला असल्याने त्याने स्वतःचं वेगळं घर मांडलं होतं. इंटरनेट दोन्हीकडे चालतं, त्यामुळे वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षातही येत नाही. फोनवर चालतं आणि पीसीवर नाही, अशी तक्रार असेल तर सगळ्यात आधी दोन्हीकडचे आयपी समोरासमोर ठेवून बघा. गेस्ट वायफायवर असाल तरी हाच प्रकार होतो, कारण तिथे उपकरणांना एकमेकांशी बोलू दिलं जात नाही.

२६ ऑक्टोबर

आतल्या राउटरला अॅक्सेस पॉइंट केलं, म्हणजे वेगळं नेटवर्क न मांडता तो ओएनटीचंच नेटवर्क पुढे नेईल. काही राउटरांत 'ऑपरेशन मोड' मध्ये ही सोय एका क्लिकवर असते. या मॉडेलात नाही, म्हणून हाताने. क्रम महत्त्वाचा आहे:

१. पीसी केबलने आतल्या राउटरला जोडून त्याच्या सेटिंगमध्ये शिरायचं आणि लॅन आयपी बदलून १९२.१६८.१.२ करायचा. हा पत्ता, ओएनटीतली डीएचसीपी ही सोय उपकरणांना आपोआप आयपी वाटते त्या पट्ट्याबाहेरचा हवा. इथे २ हा आकडा त्या पट्ट्यात येत नव्हता, म्हणून चालला.

२. नव्या पत्त्यावर पुन्हा लॉगिन करून डीएचसीपी सर्व्हर बंद करायचा.

३. ओएनटीकडून येणारी केबल वॅन पोर्टातून काढून कुठल्याही लॅन पोर्टात घालायची. वॅन पोर्ट आता रिकामाच राहणार.

डीएचसीपी आधी बंद केला आणि पत्ता बदलायचा राहिला, तर पीसीला आयपीच मिळत नाही आणि राउटरचं पान उघडत नाही. तसं झालं तर पीसीला हाताने त्याच पट्ट्यातला आयपी द्यायचा आणि आत शिरायचं. राउटर रीसेट करून पहिल्यापासून सुरुवात करण्यापेक्षा ते बरं.

आता रेंडररमध्ये क्रोमकास्ट दिसलं, पण फाइल लावल्यावर टीव्हीवर निळी रेघ फिरत राहिली आणि मग काहीच नाही. हे विंडोज फायरवॉलचं काम. क्रोमकास्टला 'हे चालव' असा निरोप जातो तो पीसीकडून ८००९ पोर्टवर, म्हणजे बाहेर जाणारा. तो अडत नाही. पण व्हिडिओ घ्यायला क्रोमकास्टच पीसीकडे येतं, व्हीएलसीच्या ८०१० पोर्टवर. राउटर बदलल्यावर विंडोजने या नेटवर्कला 'पब्लिक' ठरवलं होतं, आणि व्हीएलसीला परवानगी होती फक्त 'प्रायव्हेट'ची. नेटवर्क प्रोफाइल 'प्रायव्हेट' केल्याबरोबर चित्र आलं. फायरवॉल पूर्ण बंद करू नका, त्याची काही गरज नाही.

मध्येच व्हीएलसी 'इनसिक्युअर साइट' म्हणून घाबरवणारी खिडकी दाखवतं. क्रोमकास्टचं प्रमाणपत्र त्याच्या ओळखीचं नसतं, एवढाच अर्थ. 'व्ह्यू सर्टिफिकेट' करून कायमचं स्वीकारायचं. पत्ता आपल्याच घरातला आहे ना, हे तेवढं बघून घ्यायचं.

फोनवरची १०८०पी क्लिप (चित्र एच.२६४ आणि आवाज एएसी पद्धतीने दाबलेला) अगदी सुरळीत चालली. प्रोसेसर १० टक्क्यांच्या आत.

१ नोव्हेंबर

आज एमकेव्ही. पहिलीच फाइल एचईव्हीसी १० बिट (एच.२६४ नंतरची, जास्त दाबणारी पद्धत), डीटीएस आवाज (सिनेमांतली आवाजाची एक पद्धत). व्हीएलसीने इशारा दिला की हा व्हिडिओ कास्ट करायला रूपांतर करावं लागेल आणि त्यात सगळी ताकद खर्ची पडू शकते. 'ओके' म्हटलं. प्रोसेसर १०० टक्के, पंखा किंचाळायला लागला, आणि टीव्हीवर दर दोन-तीन सेकंदांनी चित्र थांबायचं.

तिसऱ्या पिढीचं क्रोमकास्ट एच.२६४ आणि व्हीपी८ एवढंच खातं. एचईव्हीसी आलं की व्हीएलसी ते उलगडतं, पुन्हा एच.२६४ मध्ये बांधतं आणि मग पाठवतं, सगळं चालू असताना. या आय३ ला १० बिट एचईव्हीसी उलगडायची हार्डवेअर सोय नाही, म्हणून दोन्ही कामं प्रोसेसरच्या बोकांडी. प्रेफरन्सेसमध्ये खाली 'ऑल' निवडून, 'स्ट्रीम आउटपुट'खाली क्रोमकास्टच्या पानावर 'कन्व्हर्जन क्वालिटी' असते. ती सगळ्यात खालच्या 'लो सीपीयू' वर नेली तर ७२०पीच्या फाइली चालल्या, १०८०पी तरीही अडखळल्या. आणि चित्र असं की चेहऱ्यांवर चौकोन दिसतात.

बाकी प्रकारांचं जे दिसलं ते असं. एच.२६४ चित्र आणि डीटीएस आवाज: फक्त आवाजाचं रूपांतर होतं, प्रोसेसर १५ टक्क्यांवर, काही तक्रार नाही. व्हीसीडीच्या फाइली एमपेग-१, म्हणजे त्याही बदलाव्या लागतात. पण चित्रच ३५२ बाय २८८, तेव्हा आय३ ला जड नाही. डीव्हीडीच्या फाइली चालल्या, फक्त हलणाऱ्या हातांच्या कडांना कंगव्यासारखे दाते. त्याचं पुढे बघू.

रूपांतर चालू असलेल्या फाइलीत पुढे-मागे जाणं हा वेगळा वैताग. पट्टी सरकवली की पाच-सात सेकंद काळोख, आणि कधीकधी आवाज परत येतो, चित्र येत नाही. शिवाय व्हीएलसी हाच सर्व्हर असल्याने पीसी झोपला की हॉलमधला सिनेमा बंद. सिनेमा बदलायचा तर आतल्या खोलीत उठून जायचं. रिमोटवर चालवायचं हे उद्दिष्टच बाजूला राहिलं.

विंडोज आणि 'के' दाबून वायरलेस डिस्प्ले हाही उपाय लोक सुचवतात. त्याला पीसीत वायफाय कार्ड लागतं, या डेस्कटॉपात नाही. असतं तरी तो सगळा पडदाच पुन्हा बांधून पाठवतो. तो नाद सोडला.

२ नोव्हेंबर

दिशा बदलली. टीव्ही ४के आहे, म्हणजे त्याच्या पोटात एचईव्हीसी १० बिट उलगडणारी चिप आधीपासून आहे. क्रोमकास्ट मध्ये घालून आपण ती बाजूला ठेवत होतो. पीसीने फाइल जशीच्या तशी पोचवावी, उलगडायचं काम टीव्हीने करावं. त्यासाठी डीएलएनए, म्हणजे घरच्या नेटवर्कवरून टीव्हीला व्हिडिओ पुरवायची पद्धत. टीव्हीच्या 'सोर्स' यादीत पीसीचं नाव येतं, फोल्डर उघडायचे, ओके दाबायचं. आणि टीव्हीला जे पचत नाही ते एकदाच, रात्री निवांत, बदलून ठेवायचं. रोज बघताना नाही.

विंडोजमध्ये 'मीडिया स्ट्रीमिंग' म्हणून डीएलएनए आहेच, चालू करून पाहिलं. फाइली दिसल्या, शेजारच्या एसआरटी फाइलींतली सबटायटलं टीव्हीपर्यंत पोचली नाहीत. शिवाय विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबरला संपला, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत चौथ्या पिढीचे प्रोसेसर नाहीत. पीसी दिवसभर चालू ठेवायचा तर त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही प्रणाली टाकणं सरळ वाटलं. एक्सएफसीई आवृत्ती टाकली, या मशीनला ती हलकी पडते.

८ नोव्हेंबर

मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून मिनीडीएलएनए हा डीएलएनए सर्व्हर टाकला. याला खिडकी नाही, बटणं नाहीत; इटीसी फोल्डरमध्ये एक कॉन्फिग फाइल आहे, तेवढीच. बदललेल्या गोष्टी तीन: मीडिया फोल्डरचा पत्ता (त्याआधी 'व्ही' आणि स्वल्पविराम दिला की फक्त व्हिडिओच यादीत येतात, अल्बमचे फोटो येत नाहीत), टीव्हीवर दिसायचं नाव, आणि नवी फाइल आली की आपोआप नोंद घेण्याचा आयनोटिफाय 'येस'. मिंटची फायरवॉल चालू असेल तर टीसीपी ८२०० आणि यूडीपी १९०० उघडायला हवेत. १९०० वर सर्व्हर हाक देतो, ८२०० वर फाइल देतो.

टीव्हीवर नाव लगेच आलं. फोल्डर उघडला तर रिकामा.

ब्राउझरमध्ये पीसीचा पत्ता आणि पुढे ८२०० टाकलं की मिनीडीएलएनए साधं पान दाखवतं: किती व्हिडिओ सापडले आणि कोणती उपकरणं जोडलेली आहेत. तिथे व्हिडिओ शून्य. म्हणजे टीव्हीचा दोष नाही, सर्व्हरलाच डिस्क दिसत नाही. बाहेरची डिस्क मिंट आपोआप जोडतं ती लॉगिन केलेल्या माणसाच्या नावाखाली, आणि तिथे दुसऱ्याला शिरकाव नसतो. मिनीडीएलएनए स्वतःच्या वेगळ्या नावाने चालतं. होम फोल्डरमध्ये व्हिडिओ ठेवले तरी हीच गत.

उपाय: एसआरव्ही फोल्डरखाली 'व्हिडिओ' फोल्डर करायचा आणि एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कुठे जोडायची याची फाइल) डिस्क तिच्या यूयूआयडीने (तिच्या ओळखक्रमांकाने) तिथे कायमची जोडायची. 'नोफेल' हा पर्याय विसरू नका. डिस्क काढलेली असताना पीसी सुरू केला की त्याशिवाय तो बूटच्या मध्यावर अडून बसतो.

डिस्क एनटीएफएस (विंडोजच्या मांडणीची) होती आणि फक्त वाचण्यापुरतीच जोडली गेली. विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' चालू असलं की तो खऱ्या अर्थाने बंद होत नाही, आणि डिस्कवर 'अजून वापरात' अशी खूण ठेवून जातो. लिनक्स मग त्यात लिहायला नकार देतो. विंडोज पुसण्याआधी एकदा शिफ्ट दाबून 'शट डाउन' केलं असतं तर हे आलंच नसतं. आता दुसऱ्या पीसीवर नेऊन डिस्क तपासून नीट काढावी लागली.

९ नोव्हेंबर

व्हिडिओ टीव्हीवर आले. संध्याकाळी मोठ्या फाइली अडखळतात, दुपारी नाही. म्हणजे वायफाय.

अंदाज बांधण्यापेक्षा मोजलं. पीसीवर आयपर्फ३ (नेटवर्कचा वेग मोजणारं साधन) सर्व्हर म्हणून आणि लॅपटॉप टीव्हीशेजारी ठेवून. २.४ गिगाहर्ट्‌झवर संध्याकाळी १८ ते २२ एमबीपीएस. इमारतीतल्या सगळ्यांचे राउटर त्याच पट्ट्यात ओरडत असतात. ५ गिगाहर्ट्‌झवर ४० च्या आसपास, पण दार लावलं की २५. फाइलला किती लागतं ते सोपं आहे: जीबीला ८००० ने गुणायचं, सेकंदांनी भागायचं. ९ जीबीचा दोन तासांचा सिनेमा म्हणजे सरासरी १० एमबीपीएस. सरासरीला फसू नका. पाऊस, गर्दी, धूर असलेल्या दृश्यांत तीच फाइल तिप्पट मागते, आणि अडखळते ती नेमकी तिथेच.

केबल टाकली. १८ मीटर कॅट-६, १८ रुपये मीटरने ३२४ रुपये. कनेक्टर ८०, टेस्टर १८०, भिंतीवरच्या क्लिपा ६०. क्रिंपर उसना आणला. दोन्ही टोकांना टी-५६८बी क्रम: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. चूक होते ती चौथ्या-पाचव्या आणि सहाव्यात. हिरव्याच्या दोन तारा शेजारी-शेजारी बसवायचा मोह होतो, पण त्यांच्या मध्ये निळ्याची जोडी येते. क्रिंप करण्याआधी कनेक्टर उजेडात धरून रंग वाचायचे. विजेच्या केसिंगमधून ही केबल नेऊ नका, वेगळी पट्टी ठोका.

लॅपटॉपला तीच केबल लावून ओएनटीच्या १०० एमबीपीएस पोर्टवर ९४ मिळाले. त्या पोर्टवर एवढेच मिळतात. टीव्हीचा लॅन पोर्टही १०० चाच आहे, आणि घरातल्या कुठल्याही फाइलला एवढं पुरून उरतं.

१५ नोव्हेंबर

टीव्हीला काय पचतं याची छाननी. टीव्हीच्या पुस्तिकेतल्या यादीवर विसंबू नका. पेनड्राइव्हवरून चालणारी फाइल डीएलएनएवरून चालेलच असं नाही, उलटही खरं. प्रत्येक प्रकारची एकेक फाइल 'चाचणी' फोल्डरात टाकून पाहिली.

एच.२६४ ८ बिट, एचईव्हीसी ८ आणि १० बिट: चालतात. एच.२६४ १० बिट: काळा पडदा, आवाज फक्त. हा प्रकार अॅनिमेशनच्या फाइलींत जास्त सापडतो आणि तो टीव्हीच्या चिपांना सहसा येत नाही, तेव्हा पूर्ण बदलणं आलं. जुन्या एव्हीआय, आत एक्सव्हिड: यादीत दिसतात, चालवल्यावर 'फॉरमॅट समर्थित नाही'.

डीटीएस: चित्र येतं, आवाज नाही. हे सगळ्यात जास्त फाइलींचं दुखणं. डीटीएसचा परवाना काही टीव्ही कंपन्यांनी मधल्या काळात वगळला. सॅमसंगने २०१८ च्या मॉडेलांपासूनच काढला. इथे एफएफएमपेगने (कमांड देऊन चालवायचं रूपांतराचं सॉफ्टवेअर) फक्त आवाज बदलायचा: चित्र 'कॉपी', सबटायटलं 'कॉपी', आवाज एसी३ (डॉल्बी डिजिटल) मध्ये ६४० केबीपीएसला, कारण एसी३ ची कमाल मर्यादा तीच. कंटेनर, म्हणजे फाइलीचं बाहेरचं वेष्टन, एमकेव्हीच ठेवायचा. चित्राला हात लागत नसल्याने ८ जीबीची फाइल चार-पाच मिनिटांत होते आणि दर्जा तसूभरही कमी होत नाही. हँडब्रेक या रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये हे करू नका, ते चित्रही पुन्हा बांधतं आणि त्यात अख्खी रात्र जाते.

५.१ आवाज थेट स्टिरिओ करून पाहिला, संवाद दबले आणि पार्श्वसंगीत अंगावर आलं. एसी३ ५.१ तसंच दिलं तर टीव्ही स्वतः उतरवतो आणि संवाद ठीक ऐकू येतात.

एमपी४ करत असाल तर 'फास्टस्टार्ट' द्या. हँडब्रेकमध्ये त्यालाच 'वेब ऑप्टिमाइझ्ड' म्हणतात. त्याशिवाय फाइलीची अनुक्रमणिका शेवटी बसते, टीव्हीला आधी शेपटापर्यंत जाऊन यावं लागतं, आणि सुरू व्हायला दहा-बारा सेकंद लागतात.

१६ नोव्हेंबर

व्हीसीडी आणि डीव्हीडी.

लग्नाच्या व्हीसीडीतली डीएटी फाइल फाइल मॅनेजरमधून ओढून आणायला गेलं की 'इनपुट-आउटपुट एरर'. चकती खराब आहे असं वाटतं, पण नव्याकोऱ्या व्हीसीडीवरही हेच होतं. व्हीसीडीत व्हिडिओ साध्या डेटासारखा नसतो. जागा वाचवायला दुरुस्तीचे बिट काढून सेक्टरमध्ये जास्त व्हिडिओ कोंबलेला असतो, आणि लिनक्सची नेहमीची कॉपी ते सेक्टर वाचू शकत नाही. व्हीसीडीइमेजर पॅकेजमधलं व्हीसीडीएक्सरिप थेट ट्रॅक उतरवतं. दुरुस्तीचे बिट नसल्यामुळे ओरखडा असेल तिथे मात्र चौकोन येणारच, त्यावर इलाज नाही. ओल्या मऊ कापडाने मधून बाहेर पुसल्यावर दोन चकत्यांचं बरंच सुधारलं. गोल फिरवून पुसू नका.

रूपांतर: एच.२६४, सीआरएफ १८ (दर्जाचा आकडा, कमी तितका दर्जा चांगला), मापं ३५२ बाय २८८ तशीच. मोठं करून ठेवायचा उपयोग नाही, ते टीव्ही स्वतः करतो. आवाज एमपी२ वरून एएसी १९२.

डीव्हीडीचं चित्र ७२० बाय ५७६, इंटरलेस्ड: सेकंदाला २५ फ्रेम, पण प्रत्येकीत दोन वेगवेगळ्या क्षणांच्या अर्ध्या ओळी. कंगव्याचे दाते यातूनच येतात. हँडब्रेकमध्ये व्हिडिओ टीएस फोल्डर उघडायचा. एकेक व्हीओबी उघडली तर १ जीबीच्या तुकड्यांत मंगलाष्टकं मध्येच तुटतात. फिल्टरमध्ये डीइंटरलेस (हे दाते घालवणारा) 'बीडब्ल्यूडीआयएफ', प्रीसेट 'बॉब', फ्रेम रेट 'सेम अॅज सोर्स'. बॉब दोन्ही अर्ध्यांच्या वेगळ्या फ्रेम करतो, सेकंदाला ५० मिळतात. वरात आणि लेझीम यात फरक डोळ्यांना लगेच कळतो. साध्या डीइंटरलेसमध्ये लेझीम ठेचकाळत चालते. दीड तासाच्या डीव्हीडीला या पीसीवर पाऊण ते एक तास. रांग लावून झोपायचं.

प्रमाण तपासा. हँडब्रेकने काही डीव्हीडी १६:९ धरल्या, कारण शूटिंगवाल्याने चकतीवर तशीच खूण टाकलेली होती, चित्र मात्र ४:३ चं. सगळे पाहुणे आडवे रुंद. 'डायमेन्शन्स' मध्ये चित्राचं प्रमाण हाताने ४:३ केलं.

२२ नोव्हेंबर

मराठी सबटायटलं. यात सगळ्यात जास्त वेळ गेला.

एसआरटीचं नाव व्हिडिओच्या नावाशी तंतोतंत जुळलं की मिनीडीएलएनए ती टीव्हीला देतं. दिली, आणि पडद्यावर चौकोन. गंमत म्हणजे त्याच टीव्हीच्या फाइल यादीत देवनागरी नावं व्यवस्थित दिसतात. मेन्यूचा फाँट वेगळा, सबटायटलचा वेगळा. टीव्हीच्या सबटायटल सेटिंगमध्ये भाषागट बदलून चौकोन गेले, पण अक्षरं जुळत नाहीत: वेलांटी व्यंजनाच्या आधी यायची ती नंतर, ठिपक्यांच्या गोलावर बसलेली, आणि जोडाक्षरांचे पाय मोडून लटकलेले. सबटायटल दाखवणाऱ्या भागाला देवनागरी जुळवता येत नाही, त्यामुळे फाँट बदलून काही होणार नाही.

उपाय एकच, सबटायटल चित्रातच छापून टाकणं. एफएफएमपेगच्या 'सबटायटल्स' फिल्टरला फाँटचं नाव सांगायचं, इथे नोटो सॅन्स देवनागरी, आकार २२, काळी कड २. याला चित्र पुन्हा बांधावं लागतंच: सीआरएफ १९, प्रीसेट 'मीडियम', ८ बिट. दोन तासांच्या १०८०पीला साधारण तेवढाच वेळ. मूळ फाइल जपून ठेवा. छापलेली सबटायटलं नंतर काढता येत नाहीत.

छापण्याआधी एसआरटी वाचून बघाच. काही फाइली श्रीलिपीच्या काळातल्या, युनिकोड नसलेल्या. उघडल्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा सडा. त्या आधी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये, यूटीएफ-८ म्हणून जतन करायच्या.

दुसरी खोड जास्त छुपी. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'तऱ्हा' या शब्दांतला अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो: खाली नुक्ता असलेला ऱ वापरून, किंवा साध्या र ला हलंत देऊन पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. सबटायटलची 'सफाई' करणारी सॉफ्टवेअरं अदृश्य चिन्हं कचरा समजून उडवतात, आणि 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होतं, डोक्यावर रफार घेऊन. सगळ्या फाइलीत र्य शोधून ऱ्य करायचा मोह होईल. तसं केलंत तर 'सूर्य', 'कार्य', 'आचार्य' यांचंही वाटोळं होईल. शब्द शोधून एकेक बदलले. र्ह चं काम हलकं आहे, 'तऱ्हा', 'बऱ्हाणपूर' यांसारख्या थोड्या शब्दांवर भागतं, फक्त 'अर्ह', 'गर्हा' कडे लक्ष ठेवायचं.

३० नोव्हेंबर

दोन गोष्टी उरल्या होत्या. पहिली: टीव्ही सुरू केल्यावर कधी सर्व्हर दिसतो, कधी पंधरा मिनिटं दिसत नाही. मिनीडीएलएनए स्वतःहून हाक देतं ती ठरावीक अंतराने, मूळ सेटिंगमध्ये जवळपास ९०० सेकंदांनी. मध्ये टीव्हीची विचारणा त्याच्यापर्यंत पोचली नाही तर पुढच्या हाकेपर्यंत थांबावं लागतं. 'नोटिफाय इंटरव्हल' ६० केला. विचारणा पोचत नव्हती ती आतल्या राउटरवरच्या 'आयजीएमपी स्नूपिंग'मुळे. ते मल्टिकास्टची वाहतूक आवरायला असतं, पण घरच्या नेटवर्कात अनेकदा चालू हाकच गिळून टाकतं. बंद केलं.

दुसरी: वीज गेली आणि आली की पीसी राउटरच्या आधी उठतो, आयपीशिवाय सर्व्हर सुरू होतो आणि तसाच बसून राहतो. बायोसमध्ये 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' चालू ठेवलं, सिस्टमडीमध्ये (लिनक्समध्ये सेवा सुरू करणारा भाग) मिनीडीएलएनएला 'नेटवर्क-ऑनलाइन' नंतर सुरू व्हायला सांगितलं, आणि ओएनटीत पीसीच्या मॅक पत्त्यासाठी १९२.१६८.१.५० राखून ठेवला. मेन स्विच पाडून तपासलं. ओएनटीला फायबर धरायला दोनेक मिनिटं लागतात, त्यानंतर नाव आपोआप येतं.

नवी फाइल टाकली आणि टीव्हीवर दिसली नाही, तर आधी सर्व्हरमधून बाहेर येऊन पुन्हा शिरायचं. टीव्ही जुनी यादीच धरून बसतो. तरीही नसेल तर ८२०० चं पान बघायचं. तिथे आकडा वाढला नसेल तर मिनीडीएलएनए थांबवून मोठ्या 'आर'च्या पर्यायाने यादी नव्याने करायला लावायची.

अजून राहिलेलं काम: फोनवर उभ्या धरून काढलेल्या क्लिपा टीव्हीवर आडव्या पडतात. फोन चित्र फिरवत नाही, 'फिरवून दाखवा' अशी नोंद फक्त ठेवतो, आणि हा टीव्ही डीएलएनएवर ती नोंद वाचत नाही. एफएफएमपेगमधून पुन्हा बांधल्या की त्या आपोआप उभ्या होतात, कारण ते नोंद वाचून चित्र खरोखर फिरवतं. चाचणीच्या क्लिपा ठीक आल्या. उरलेला फोल्डर रात्रीच्या रांगेत लावला आहे.